घड्याळ गर्दीतल्या प्रत्येकाचं

शर्यतीच्या आदल्या दिवशी हातात पडलेला बिब जरा उलटा करून पाहा. पुढच्या बाजूला ठसठशीत आकडा, तुमचा गट, प्रायोजकांची नावं. मागच्या बाजूला एक अरुंद पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर चकचकीत धातूची नागमोडी रेघ आणि त्या रेघेच्या मधोमध खसखशीच्या दाण्याएवढा काळा ठिपका. त्याला बॅटरी नाही, बटण नाही, दिवा नाही. उद्या पहाटे तुम्ही सुरुवातीची रेषा ओलांडाल तेव्हा हा ठिपका क्षणभर जागा होईल, आपला क्रमांक सांगेल आणि पुन्हा निपचित पडेल. शेवटच्या रेषेवर पुन्हा तेच.

मोबाइलमुळे शर्यती शोधणं सोपं झालं, हे तर सगळेच सांगतात. ते खरंही आहे. पण मुळात आपल्या गावाजवळची शर्यत शोधावी, पैसे भरावेत, पहाटे तीनला उठून तिथे पोचावं, असं चाळिशीतल्या शिक्षिकेला, बँकेतल्या कारकुनाला, किराणा दुकानदाराला वाटू लागलं ते कशामुळे? माझं उत्तर बिबच्या पाठीवरचा तो ठिपका. त्याच्या आधी घड्याळ पहिल्या दहा-वीस जणांचं असायचं. त्याने ते गर्दीतल्या प्रत्येकाचं केलं.

पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली. त्या काळी शर्यतीची खबर मिळायची ती वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावरून, शाळेच्या फळ्यावरून किंवा मैदानावरच्या सरांकडून. छापील अर्ज आणायचा, हाताने भरायचा, पैसे रोख नेऊन द्यायचे. पण खरी कसरत असायची शेवटच्या रेषेवर. रेषा ओलांडली की धावपटूंना दोऱ्या बांधून केलेल्या चिंचोळ्या वाटेत घ्यायचे. रांग मोडायची नाही, कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही. वाटेच्या टोकाला उभा असलेला कार्यकर्ता प्रत्येकाच्या बिबचा खालचा तुकडा फाडून तारेत ओवायचा. रेषेवरचा दुसरा कार्यकर्ता माणूस आला की बटण दाबायचा आणि वेळ कागदी पट्टीवर छापली जायची. मग संध्याकाळी तारेतले तुकडे आणि पट्टीवरच्या वेळा ओळीने जुळवत बसायचं. एक तुकडा गहाळ झाला की त्याच्यानंतरच्या सगळ्यांची वेळ एकेक घर सरकलीच म्हणून समजा. छोट्या गावांत एवढा खटाटोप कोण करणार? पहिले काही नंबर टिपले की वही मिटायची. मागून येणाऱ्याला मिळायची ती केळी, बिस्किटाचा पुडा आणि शाबासकी.

हा पेच सोडवायला चिप आली ती १९९०च्या दशकात, नेदरलँड्समधून. पाळीव प्राण्यांची ओळख पटवण्यासाठी वापरतात त्याच जातीचा रेडिओ टॅग तिथल्या लोकांनी प्लास्टिकच्या छोट्या चकतीत बसवला आणि बुटाच्या नाडीत ओवला. १९९४ मध्ये बर्लिनच्या मॅरेथॉनमध्ये तो वापरला गेला, आणि १९९६ मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या शंभराव्या शर्यतीत, जिथे तीस हजारांहून जास्त माणसं धावत होती. शर्यत संपली की नाडी सोडून चकती परत करायची. आज आपल्या बिबवर असते ती याच कल्पनेची पुढची पिढी. ती इतकी स्वस्त की परत मागतच नाहीत.

ही पट्टी नेमकं करते काय, ते समजून घेण्यासारखं आहे. रस्त्यावर अंथरलेल्या काळ्या रबरी मॅटमध्ये किंवा बाजूच्या खांबांवर अँटेना असतात. त्या सतत रेडिओ लहरी सोडत राहतात. भारतात या कामासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या आसपासची पट्टी ठरवून दिलेली आहे. तुम्ही जवळ आलात की त्या लहरी बिबवरच्या धातूच्या रेघेत किंचित वीज निर्माण करतात. किंचित म्हणजे इतकी थोडी, की तिच्यावर दुसरं कुठलंही उपकरण चालणार नाही. पण त्या ठिपक्याला ती पुरते. तो स्वतः लहरी सोडत नाही, तेवढं बळच त्याच्यात नसतं. अँटेनाकडून आलेली लहर परत फिरताना तो तिला कमी-जास्त परावर्तित करतो आणि त्या कमी-जास्त होण्यातून आपला क्रमांक कळवतो. दुसऱ्याने पाठवलेल्या लहरीवरच निरोप लिहून पाठवायचा, असा हा प्रकार.

आता मुंबईसारख्या शर्यतीची सुरुवात डोळ्यांसमोर आणा. खांद्याला खांदा लावून माणसं रेषा ओलांडतायत. एका वेळी पन्नास-साठ ठिपके जागे होतात. सगळे एकदम बोलले तर ऐकू काय येणार? यावरचा तोडगा मला आजही थक्क करतो. वाचणारं यंत्र आधी पुकारा करतं: शून्य ते पंधरा यांतला कुठलाही एक आकडा मनात धरा. प्रत्येक ठिपका स्वतःच्या मनाने आकडा निवडतो. ज्याच्या वाट्याला शून्य आलं तोच बोलतो, बाकीचे गप्प. मग यंत्र सांगतं, आता सगळ्यांनी आकडा एकाने कमी करा. ज्याचा शून्य झाला त्याची पाळी. दोघांनी चुकून एकच आकडा धरला असेल तर आवाजांची टक्कर होते, यंत्राला ते कळतं आणि ते दोघे पुन्हा नव्याने आकडा काढतात. टकरी फार होऊ लागल्या तर यंत्र आकड्यांची मर्यादाच वाढवतं: शून्य ते एकतीस, शून्य ते त्रेसष्ट. ज्याचा क्रमांक नोंदला गेला त्याला थोडा वेळ गप्प राहायला सांगितलं जातं, म्हणजे मागच्याला संधी मिळावी. हे सगळं एका सेकंदात शेकडो वेळा चालतं. तुमचं एक पाऊल मॅटवरून उचलून पुढे पडेपर्यंत तुमची पाळी येऊन गेलेली असते, बहुधा एकदा नव्हे, अनेकदा. त्यांतली जी नोंद सर्वांत जोरकस ऐकू आली, ती साधारणपणे तुमची वेळ म्हणून धरतात, कारण त्या क्षणी तुम्ही अँटेनाच्या सर्वांत जवळ होता.

या यंत्रणेचा एक शत्रू आहे आणि तो आपल्याच अंगात आहे. या लहरी पाणी शोषून घेतं, आणि माणूस म्हणजे बव्हंशी पाणी. म्हणून पट्टीच्या मागे अनेकदा स्पंजचा पातळ तुकडा चिकटवलेला असतो, ती अंगापासून जरा दूर राहावी म्हणून. बिब छातीवर, सपाट, चारही पिना लावून बांधा, दुमडू नका, जॅकेटखाली झाकू नका, असं स्वयंसेवक कंठशोष करून सांगतात ते यासाठीच.

तुम्ही कधीही धावला नसाल तरी ही यंत्रणा तुमच्या ओळखीची आहे. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच तंत्रावर चालतो. खालापूरच्या टोलनाक्यावर गाडी ओळखली जाते आणि शर्यतीत माणूस ओळखला जातो तो एकाच भाषेत. पोलीस भरतीच्या मैदानावर मुलांचे १६०० मीटर आणि मुलींचे ८०० मीटर मोजायलाही आता हीच चिप आली आहे. गावाकडची हजारो पोरं कुठल्याही मॅरेथॉनचं नाव ऐकण्याआधी चिप बांधून धावलेली असतात.

चिपने वेळ दिली ती दोन प्रकारची. बंदूक वाजल्यापासूनची गन टाइम, आणि तुम्ही स्वतः सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची चिप टाइम. मोठ्या शर्यतीत मागे उभ्या असलेल्याला रेषेपर्यंत पोचायलाच कितीतरी मिनिटं लागतात. पूर्वी ती मिनिटं त्याच्या खात्यावर पडायची. आता त्याचं घड्याळ त्याच्या पावलाबरोबर सुरू होतं. बक्षिसं आजही बहुतेक ठिकाणी गन टाइमवरच ठरतात, आणि ते बरोबरच आहे, कारण तिथे आमनेसामने चुरस असते. पण ज्याला बक्षीस मिळणारच नाही, त्याच्या हाती पहिल्यांदा वादातीत असा स्वतःचा आकडा आला. दोन तास सव्वीस मिनिटं अकरा सेकंद. पुढच्या वेळी तो दोन तास वीसच्या आत आणायचा. हा ‘पुढच्या वेळी’ मनात आला की माणूस पुढची शर्यत शोधू लागतो.

त्या आकड्याला बाजारात किंमतही आली. मुंबई मॅरेथॉनचा अर्धा किंवा पूर्ण पल्ला धावायचा तर आधीच्या शर्यतीचं, वेळ नोंदलेलं प्रमाणपत्र लागतं. २००४ मध्ये मुंबईची शर्यत सुरू झाली तेव्हा वेळ मोजणाऱ्या शर्यती महाराष्ट्रात बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मग वसई-विरारची आली, साताऱ्याची हिल मॅरेथॉन २०१२ मध्ये आली, गोव्यात चिखलीची रिव्हर मॅरेथॉन आली, आणि आज नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात एकही रविवार मोकळा सापडत नाही. सोलापूर, अमरावती, रत्नागिरी, कुठेही वेळ मोजून घ्या आणि ती मुंबईच्या दारात दाखवा.

शर्यत शोधण्याची तऱ्हा त्याबरोबर बदलली. आता पोस्टर भिंतीवर लागण्याआधी रनिंग ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर पडतं. महिना, गाव आणि अंतर टाकलं की यादी समोर येते. त्यातून अनेकांचं पुढच्या वर्षाचं वेळापत्रक दिवाळीआधीच ठरलेलं असतं. पैसे भरण्यात सर्वांत मोठी उडी पडली ती २०१६ मध्ये यूपीआय आल्यावर. त्याआधी कार्ड नसलेला, नेट बँकिंगला घाबरणारा माणूस शेवटच्या पानावर येऊन अडायचा. आता नोंदणी दीड मिनिटाची. साताऱ्यासारख्या लाडक्या शर्यतीसाठी नोंदणी उघडायच्या वेळेला लोक फोन हातात धरून बसतात. बिब वाटपाच्या ठिकाणी क्यूआर कोड दाखवायचा, ओळखपत्र दाखवायचं, पिशवी घ्यायची. तिथे एक दृश्य मला फार आवडतं: साठीचे वडील, आणि त्यांच्या वतीने फोनवर कोड शोधणारी मुलगी. धावायचंय वडिलांना.

नवख्या गावच्या शर्यतीला जाण्याची भीतीही ओसरली, कारण रस्ता घरबसल्या पाहता येतो. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट किती चढायचा, कुठे श्वास मिळेल, हे मुंबईतल्या सपाट रस्त्यांवर सराव करणाऱ्याला आलेखात दिसतं. अर्धा पल्ला कासच्या वाटेने चढ, मग तोच रस्ता उतार. या आलेखाची उंची आली कुठून? फेब्रुवारी २०००मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने रडार लावून अकरा दिवसांत पृथ्वीवरची सुमारे ऐंशी टक्के जमीन मोजली. त्यासाठी यानातून साठ मीटर लांबीचा दांडा अवकाशात बाहेर काढला होता आणि त्याच्या टोकाला दुसरी अँटेना होती. दोन डोळ्यांनी पाहावं तशी खोली त्यातून मिळाली. जगभरच्या कितीतरी मोफत नकाशांतली डोंगरांची उंची त्या अकरा दिवसांच्या कमाईवर उभी आहे. सातारच्या घाटाचा चढ मोजण्यासाठी ते यान उडालं नव्हतं. पण आपल्या पोटऱ्यांना इशारा आज तिथूनच मिळतो.

एका बाबतीत मात्र उपग्रहांपेक्षा सायकल सरस ठरते, आणि हे सांगितलं की अनेकांना खरं वाटत नाही. अर्धी मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची. शर्यत संपल्यावर शंभर जणांची मनगटं पाहा. कुणाचं घड्याळ २१.३ दाखवतं, कुणाचं २१.५. लगेच कुरबुर सुरू होते, की आयोजकांनी अंतर चुकवलं. घड्याळ वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांचे संदेश ऐकून आपली जागा ठरवतं. संदेश यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो, आणि वेळेत एका नॅनोसेकंदाची चूक झाली तर जागेत तीस सेंटिमीटरची चूक होते. त्यात उंच इमारतींवर आपटून येणारे संदेश, झाडी, पूल. शिवाय तुम्ही पाण्याच्या टेबलाकडे वळता, वळणावर बाहेरून जाता, एखाद्याला वळसा घालता. ते सगळं अंतर तुम्ही खरोखरच धावलेले असता.

मान्यताप्राप्त शर्यतीचा रस्ता मोजतात तो सायकलने. पुढच्या चाकाच्या आसाला एक छोटा गणक लावतात. ॲलन जोन्स या अमेरिकी माणसाने १९७१ मध्ये तो घडवला, म्हणून त्याला जोन्स काउंटर म्हणतात. पोलादी टेपने मोजलेल्या सरळ रस्त्यावर आधी सायकल चालवून पाहतात, चाकाच्या किती आकड्यांना एक किलोमीटर हे ठरवतात, मग सगळा मार्ग कडेपासून तीस सेंटिमीटर अंतर राखून, प्रत्येक वळण आतून कापत, शक्य तितक्या जवळच्या रेषेने चालवतात. ऊन वाढलं की टायरमधली हवा प्रसरण पावते आणि हिशोब बदलतो, म्हणून शेवटी पुन्हा त्या सरळ रस्त्यावर येऊन पडताळणी करतात. इतकं करून वर हजारात एक भाग अंतर जादा धरतात, म्हणजे अर्ध्या मॅरेथॉनला एकवीस मीटर, चुकूनही पल्ला कमी भरू नये म्हणून. कुरबुर करणाऱ्याने हे एकदा पाहावं. माझा त्या सायकलस्वारांवर घड्याळापेक्षा जास्त विश्वास आहे.

घरच्यांसाठी आता ॲपवर थेट माग असतो. लातूरला बसलेली बायको, पुण्यातला मुलगा नकाशावर सरकणारा ठिपका पाहत असतात. तो ठिपका बव्हंशी अंदाज असतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. चिप बोलते ती फक्त मॅटवर: दहा किलोमीटरला, एकवीसला, तीसला. मधल्या वाटेत ॲप तुमच्या आधीच्या वेगाने गणित मांडून ठिपका पुढे सरकवत राहतं. पस्तीस किलोमीटरनंतर मुंबईच्या पेडर रोडच्या चढावर पायात गोळा येऊन तुम्ही कठड्याला धरून उभे असता, तेव्हा घरच्या पडद्यावर तुम्ही आरामात धावत असता. पुढच्या मॅटवर यायला उशीर झाला की तिकडे काळजी सुरू होते. याच मधल्या मॅटनी लबाडीही बंद केली. १९८० मध्ये बोस्टनला रोझी रुईझ नावाची बाई शेवटच्या टप्प्यात गर्दीतून रस्त्यावर आली आणि विजेती ठरली. काही दिवसांनी तो मान खऱ्या विजेतीला, जॅकलिन गारोला मिळाला. आज तशी वेळ नोंदीतच अडकते. आपल्या गावच्या शर्यतीत यासाठी वळणावर हातात रिबन किंवा रबर बँड देतात, आणि तेही चोख काम करतं.

एवढं सगळं पाहून मन भरून येतं, तरी एक गोष्ट टोचते. नोंदणीची पानं बहुतांशी इंग्रजीत असतात, अगदी तालुक्याच्या शर्यतीचीसुद्धा. अटी इंग्रजीत, आरोग्याचं हमीपत्र इंग्रजीत. बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून, अनवाणी धावून जिंकलेल्या लताबाई करे आठवा. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या. त्यांच्यावरच्या, २०२० साली आलेल्या ‘लता भगवान करे’ या चित्रपटात त्यांनी स्वतःची भूमिका स्वतःच केली. त्यांना लिंक पाठवून, ईमेल टाका, ओटीपी टाका, टी-शर्टचं माप निवडा, असं सांगितलं असतं तर? रियोच्या ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ललिता बाबर माणदेशातल्या मोही गावची. अशा मुली आजही गावच्या मातीच्या रस्त्यांवर धावतायत. मराठीतला साधा अर्ज, फोनवर बोलून नोंदणी आणि एसटी स्टँडवर लावलेला कागद यांना काही फार खर्च येत नाही. प्रवेश फी मात्र आड येते, आणि ती शेतमजुराच्या कितीतरी दिवसांच्या मजुरीएवढी असते. धावण्यासारखी फुकट गोष्ट इतकी महाग होऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

तंत्र स्वस्तातही चालतं, याचा दाखला लंडनमध्ये आहे. २ ऑक्टोबर २००४ ला तिथल्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइट यांनी तेरा धावपटू जमवून पाच किलोमीटरची शर्यत घेतली. शेवटच्या रेषेवर क्रमांकासाठी हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी वॉशर हातात दिले होते. आज तो ‘पार्करन’ वीसेक देशांत दर आठवड्याला होतो आणि धावणाऱ्याला कुठेच पैसे पडत नाहीत. त्यात चिप नाही, मॅट नाही. एक स्वयंसेवक माणूस आला की फोनवर बोट टेकवतो, वेळ नोंदली जाते. दुसरा येणाऱ्याच्या हातात क्रमांकाचं टोकन देतो. तिसरा ते टोकन आणि धावणाऱ्याचा स्वतःचा बारकोड फोनने वाचतो. कितवा आला, किती वेळात आला, आणि तो कोण, या तीन याद्या संगणक जोडतो. तारेत तुकडे ओवून रात्री जुळवत बसायचं तेच काम, फक्त आता ते काही सेकंदांत होतं. तो बारकोड घरी एकदाच छापायचा, पुढे दर आठवड्याला तोच चालतो.

पोलीस भरतीच्या तयारीची पोरं आपल्या तालुक्याच्या मैदानांवर रोज पहाटे जमतातच. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या खिशात फोन असतो आणि सोबत स्टॉपवॉच घेऊन उभे राहणारे एक सर असतात. सायकलने नीट मोजलेला पाच किलोमीटरचा रस्ता, छापलेली पन्नास टोकनं आणि रविवारी सकाळी दोन तास देणारी आठ-दहा माणसं, एवढ्यावर मंगळवेढ्यात, चांदवडला, दापोलीत अशी शर्यत दर आठवड्याला भरू शकते.